इरईच्या कातळावरचे ओरखडे आणि सरकणारे खंड

वर्धाकाठ (धागाकर्ता)

माझं बालपण वणीजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत गेलं. वडील खाणीत होते. एकदा पाळी संपवून आले ते डब्याच्या पिशवीतून पाटीसारखा चपटा, राखाडी दगड घेऊन. कोळशाच्या थराला लागून असा दगड निघतो, हातोडी अलगद मारली की वहीच्या पानांसारखा उलगडतो. त्या तुकड्यावर एक पान उमटलेलं होतं. जिभेच्या आकाराचं, मधोमध ठसठशीत शीर, आणि तिच्यातून निघून एकमेकींत गुंतत गेलेल्या बारीक शिरांची जाळी. मी विचारलं, दगडात झाड उगवलं होतं का? वडील म्हणाले, "नाही रे, झाडावर दगड झाला."

त्या पानाचं नाव ग्लॉसॉप्टेरिस, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पुढे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तो तुकडा आजही माझ्या टेबलावर आहे.

हा धागा काढायचं कारण असं. मागे इथल्याच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की खंड सरकतात ही नुसती कल्पना आहे, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे जुळतात हा योगायोग. मला त्या सभासदांचा राग आला नाही. आपण शिकवतोच तसं. फळ्यावर दोन किनारे जोडून दाखवायचे, वेगेनरचं नाव लिहून घ्यायचं, धडा संपला. मुलांना वाटतं पुरावा असेल तर तो तिकडे अटलांटिकपार. अहो, आपल्या पायाखाली आहे तो.

पानापासूनच सुरुवात करतो. हेच पान दक्षिण आफ्रिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियात सापडतं, ब्राझील-अर्जेंटिनात सापडतं. आणि अंटार्क्टिकात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ च्या मार्चमध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले. महिन्यांनी त्यांचा तंबू सापडला, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते. पाय उचलत नव्हते, अन्न संपत आलं होतं, तरी त्यांनी ते दगड टाकून दिले नव्हते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पानं निघाली. म्हणजे वडिलांनी डब्याच्या पिशवीतून आणलेलं पान आणि त्या माणसांनी शेवटपर्यंत ओढत नेलेलं पान एकाच जातकुळीचं. हे वर्गात सांगताना दरवर्षी माझा आवाज बदलायचा.

आता ओरखडे. चंद्रपूरजवळ इरई नावाचं गाव आहे. तिथे नदीच्या पात्रातल्या चुनखडीच्या कातळावर १८७५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांना एकमेकांना समांतर ओरखडे दिसले. कातळ घासून गुळगुळीत झालेला आणि वर त्या चरा. असं काम पाणी करत नाही. हिमनदी करते, तळाशी अडकलेले दगडधोंडे घासत नेताना. त्या काळचा गाळही तिथे आहे. बारीक चिखलात लहानमोठे, काही चरे पडलेले धोंडे विखुरलेले. या थरांना ओडिशातल्या तालचेरवरून तालचीर म्हणतात, वय सुमारे ३० कोटी वर्षं.

ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे हिमनदी. तीही डोंगरावर नाही, सपाटीवर.

कुणी म्हणेल, तेव्हा सगळी पृथ्वीच थंड असेल. पण त्याच सुमाराला युरोप आणि उत्तर अमेरिकेत उष्ण, दलदलीच्या जंगलांपासून कोळसा तयार होत होता. आणि ओरखड्यांची दिशा पाहा. भारतात बर्फ साधारण दक्षिणेकडून उत्तरेला सरकलेला. म्हणजे आजच्या नकाशावर विषुववृत्ताच्या बाजूने ध्रुवाकडे! ब्राझीलमध्ये तर बर्फ समुद्राच्या बाजूने जमिनीवर चढलेला. हिमनदी समुद्रातून वर येत नाही. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांचे तुकडे एकत्र मांडले की या सगळ्या उलटसुलट रेघा दक्षिण ध्रुवाभोवतीच्या एकाच हिमथराच्या होऊन जातात.

त्या एकत्र भूमीला नाव मिळालं गोंडवन. गोंडांचा प्रदेश म्हणून. हेन्री मेडलिकॉट यांनी आधी इथल्या खडकांना ते नाव दिलं, नंतर ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस यांनी ते अख्ख्या दक्षिणेकडच्या भूमीला लावलं. स्यूस यांची समजूत मात्र अशी होती की मधले भाग समुद्रात बुडाले. खंडच सरकले, हे सगळे पुरावे एकत्र मांडून ठामपणे म्हणणारा पहिला माणूस आल्फ्रेड वेगेनर. ६ जानेवारी १९१२ ला फ्रँकफर्टला व्याख्यान, १९१५ ला पुस्तक.

पुरावे आणखी पुष्कळ आहेत. पण मलाच सगळं लिहायचं नाही. इथे जाणकार आहेत, त्यांनी भर घालावी, आणि शंका असतील त्या मोकळेपणाने विचाराव्यात.

प्रश्नचिन्ह

सर, ते वाक्य माझंच होतं. तुम्ही रागावला नाहीत याबद्दल आभार. मला खरंच समजून घ्यायचंय, म्हणून विचारतो.

पानं चार खंडांत सापडली, मान्य. पण बिया वाऱ्याने जातात, पाण्यावर तरंगतात. प्राणी ओंडक्यावर बसून बेटं गाठतात. शिवाय स्यूस म्हणतात तसे जमिनीचे पूल असतील आणि ते बुडाले असतील तर? आणि वेगेनर इतके बरोबर होते तर त्यांच्या हयातीत कुणी मानलं का नाही?

वर्धाकाठ

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. याच शंका त्या काळच्या मोठमोठ्या माणसांनी काढल्या होत्या.

एखादी जात तरंगत गेली, असं होऊ शकतं. पण ग्लॉसॉप्टेरिस एकटं नाही, त्याच्या सोबतची अख्खी वनस्पतीसृष्टी तशीच दिसते. मेसोसॉरस नावाचा मीटरभर लांबीचा सरपटणारा प्राणी होता, उथळ पाण्यातला. तो सापडतो फक्त दक्षिण अमेरिकेच्या पूर्व भागात आणि आफ्रिकेच्या दक्षिण-पश्चिम भागात. अटलांटिक पोहून जाण्याइतका दमदार असता तर आणखी कुठेतरी सापडला असता. लिस्ट्रोसॉरस हा डुकराएवढा, बुटक्या पायांचा प्राणी. तो दक्षिण आफ्रिकेत मिळाला, आपल्याकडे दामोदर खोऱ्यात राणीगंजच्या भागात मिळाला, आणि १९६९ मध्ये अंटार्क्टिकात मिळाला. त्याला ओंडक्यावर बसवून एवढे समुद्र पार करवणं अवघड आहे.

बुडालेल्या पुलांचं म्हणाल तर त्याला वेगेनरनेच उत्तर दिलं होतं. खंडांचा खडक हलका, समुद्रतळाचा जड. लाकूड पाण्यावर तरंगावं तसे खंड खालच्या जड थरावर तरंगून आहेत. हजारो किलोमीटर लांबीचा हलका पूल जड तळात बुडणार कसा?

मानलं का नाही, याचं कारण तुम्ही म्हणता तितकं वाईट नाही. त्याच्या मांडणीत खरोखर दोन भोकं होती. खंड कशाच्या जोराने सरकतात याचं त्याचं उत्तर फार कच्चं होतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि चंद्रसूर्याच्या ओढीमुळे, असं तो म्हणाला. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी गणित करून दाखवलं की हे जोर कितीतरी पटींनी अपुरे आहेत. आणि दुसरं, ग्रीनलंड दरवर्षी कित्येक मीटर सरकतं असं मोजमाप त्याने पुरावा म्हणून दिलं, ते चुकीचं निघालं. त्या काळी रेखांश तेवढ्या अचूकपणे मोजताच येत नव्हते.

तो मुळात हवामानशास्त्रज्ञ. १९३० च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीनलंडच्या मध्यावरच्या तळावर सामान पोचवून परतताना गेला. पन्नासावा वाढदिवस त्याच तळावर झाला होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याचा देह बर्फात सापडला. त्याच्या म्हणण्याला दुजोरा मिळायला आणखी तीसेक वर्षं लागली, आणि तो जमिनीवरून नाही, समुद्राच्या तळातून आला.

घाटवाट

फार सुंदर धागा. मी दर पावसाळ्यानंतर सह्याद्रीत भटकतो. आमच्या काळ्या कातळातही यातलं काही दिसतं का? की तो फार अलीकडचा म्हणून त्याला सोडून द्यायचं?

कातळसुई

सोडून कसं चालेल! काळा कातळ म्हणजे तर या खटल्यातला सगळ्यात पक्का साक्षीदार. मी पुराचुंबकत्वात काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाव्हा बाहेर पडतो तेव्हा अकराशे अंशांच्या वर तापलेला असतो. थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजाच्या कणांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठून बसते. एकदा बसली की कोट्यवधी वर्षं टिकते.

आता होकायंत्राची सुई फक्त उत्तर दाखवत नाही. तिला मधोमध आडव्या आसावर मोकळी टांगली तर ती झुकतेही. चुंबकीय विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर सरळ उभी. अलिबागच्या वेधशाळेत हा झुकाव १९०४ पासून मोजतात. त्याआधी कुलाब्याला मोजायचे, पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर उपकरणं अलिबागला नेली. तिथे सुईचं उत्तर टोक आज क्षितिजाच्या खाली पंचवीस अंशांच्या आसपास झुकतं. खाली, कारण आपण उत्तर गोलार्धात आहोत.

दख्खनच्या कातळात काय दिसतं? झुकाव पंचेचाळीस ते पन्नास अंश, आणि उत्तर टोक *वर*. म्हणजे दक्षिण गोलार्ध. झुकाव आणि अक्षांश यांचं गणित साधं आहे. झुकावाचा टॅन्जन्ट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जन्टच्या दुप्पट. करून पाहा, उत्तर ३० अंश दक्षिणेच्या जवळपास येतं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला, तेव्हा आज १९ अंश उत्तरेला असलेली आपली मुंबई तिकडे होती.

लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या नमुन्यांवरून हे दाखवलं. लगोलग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्यावर काम झालं. समुद्रतळाचा पुरावा यायच्या आधीची ही गोष्ट. जगाचं मत फिरलं त्यात आपल्या घाटातल्या दगडांचा वाटा आहे, आणि हे शाळेत कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नमुना कसा काढतो तेही सांगते. हातात धरायचं ड्रिल असतं, पोकळ नळीचं, टोकाला हिऱ्याची धार. एक जण पंपाने पाणी मारत राहतो, एक जण ड्रिल धरतो. इंचभर जाडीची कांडी निघते. ती मोडून काढायच्या *आधी* तिच्यावर दिशेची खूण करायची, कारण सगळं मोल त्या खुणेचं. इथे गंमत नाही, खरी अडचण असते. कातळ स्वतःच चुंबकीय असल्यामुळे होकायंत्र चुकीचं दाखवू शकतं. वीज पडलेल्या कड्यावर तर हमखास. म्हणून उन्हाची सावली बघून दिशा ठरवतो. घड्याळ लावून, मिनिटासकट वेळ लिहून. ढग आले की सगळे कड्यावर बसून राहतात. मग प्रयोगशाळेत ती कांडी टप्प्याटप्प्याने तापवतात, म्हणजे नंतर चढलेलं चुंबकत्व पुसलं जातं आणि मूळचं उरतं.

प्रश्नचिन्ह

ताई, एक शंका. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मधूनमधून उलटतं असं वाचलंय. मग टोक वर आहे ते क्षेत्र उलटलं म्हणून असेल, दक्षिण गोलार्धामुळे कशावरून?

कातळसुई

बरोब्बर जागी बोट ठेवलंत. क्षेत्र उलटतं हे खरं. फ्रान्सच्या ब्रून यांनी १९०६ मध्ये उलटे खडक दाखवले होते, आणि जपानच्या मातुयामा यांनी १९२९ मध्ये त्यांचा काळाशी संबंध जोडला.

पण क्षेत्र उलटलं की सुईच्या दोन्ही गोष्टी एकदम उलटतात, उत्तर-दक्षिण आणि वर-खाली. उत्तर गोलार्धात दोनच जोड्या शक्य आहेत: उत्तरेकडे आणि खाली, किंवा दक्षिणेकडे आणि वर. दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे आणि वर, किंवा दक्षिणेकडे आणि खाली. महाबळेश्वरच्या घाटात खालच्या बऱ्याच थरांत क्षेत्र उलटं आहे, वरच्या थरांत सुलटं. खालच्यांत दिशा दक्षिणेकडे आणि खाली, वरच्यांत उत्तरेकडे आणि वर. दोन्ही जोड्या दक्षिण गोलार्धाच्याच. घाटवाट, पुढच्या वेळी महाबळेश्वरला चढाल तेव्हा वाटेत पृथ्वीचं चुंबक उलटल्याची खूण तुम्ही ओलांडत असता.

आणखी एक पडताळा. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांचा लाव्हा दख्खनहून जुना, साडेअकरा-पावणेबारा कोटी वर्षांचा. त्याचा झुकाव दख्खनपेक्षाही जास्त. म्हणजे तेव्हा भारत आणखी दक्षिणेला. खडक जितका जुना तितका अक्षांश दक्षिणेकडे, अशी ओळच लागते.

वर्धाकाठ

कातळसुईताई, हे वाचून मी कपाटातून लॉग टेबल काढलं आणि गणित करून पाहिलं. ३० दक्षिण ते १९ उत्तर म्हणजे ४९ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर साडेपाच हजार किलोमीटरच्या आतबाहेर. ६.६ कोटी वर्षांनी भागलं की वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर. हा आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवा, मला तो पुन्हा लागणार आहे.

दुजोरा समुद्राच्या तळातून आला असं मी मागे म्हणालो होतो, त्याबद्दल लिहितो. मेरी थार्प या नकाशाकार. त्या काळी बाईला संशोधन जहाजावर घेत नसत. त्या न्यूयॉर्कला टेबलाशी बसून, जहाजांनी आणलेले खोलीचे आकडे कागदावर मांडत राहिल्या. अटलांटिकच्या मधोमध डोंगररांग आहे हे ठाऊक होतं. थार्पना दिसलं की तिच्या माथ्यावर एक दरी आहे, सलग, जमीन दोन्हीकडे फाकत असल्यासारखी. सहकारी ब्रूस हीझेन यांनी आधी ते उडवून लावलं. नंतर भूकंपांच्या जागा नकाशावर मांडल्या तर त्या नेमक्या त्या दरीतून गेल्या.

हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये मांडलं की या रांगांशी नवा तळ तयार होतो आणि दोन्हीकडे सरकतो. ताडून पाहायचा मार्ग सुचवला तो केंब्रिजच्या व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी, १९६३ मध्ये. क्षेत्र उलटत असेल आणि तळ पसरत असेल, तर रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे, आरशात पाहावं तसे दिसायला हवेत. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी स्वतंत्रपणे हेच लिहिलं होतं. त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी नाकारला.

आणि व्हाइन-मॅथ्यूज यांची मोजणी कुठली होती? आपल्या शेजारच्या समुद्रातली! 'ओवेन' या ब्रिटिश जहाजाने १९६२ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेवर केलेली. मुंबईहून केनियाकडे निघालेलं जहाज ती रांग ओलांडूनच जातं.

१९६८ पासून 'ग्लोमार चॅलेंजर' या जहाजाने तळाला भोकं पाडून नमुने काढले. दक्षिण अटलांटिकमध्ये रांगेपासून जितकं लांब जावं तितका तळ जुना, अगदी हिशेबात. खंडांवर तीनशे-चारशे कोटी वर्षांचे खडक आहेत, पण महासागरांचा तळ जवळजवळ सगळीकडे वीस कोटी वर्षांच्या आतला. जुना तळ समुद्रातल्या खोल खंदकांतून पृथ्वीच्या पोटात खाली जातो म्हणून.

मोका_पहाड

नमस्कार मंडळी. मी मॉरिशसहून. माझे पणजोबांचे वडील कोकणातून इथे उसाच्या मळ्यात आले. माझं मराठी घरातलं आणि शाळेतलं, चूक झाली तर सांभाळून घ्या.

आमच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग आहेत. ऊस लावायला जमीन साफ करताना आमच्या लोकांनी हातांनी उचलून रचलेले. मी लहानपणापासून ते बघतो. आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा महाराष्ट्रात आलो, रायगड चढलो, आणि कड्याला हात लावला तर तोच दगड. मला वाटलं डोळ्यांना तसं दिसतं. इथे परतल्यावर वाचलं, तर खरंच नातं आहे.

पृथ्वीच्या पोटात खोलवरून वर येणारा तप्त खडकाचा झोत आहे. भारत त्याच्यावरून सरकत गेला. आधी दख्खन पेटला. मग लक्षद्वीप-मालदीवची रांग. १९८७ मध्ये समुद्रात भोकं पाडून दगड काढले, तर मालदीवजवळ वय सुमारे ५.७ कोटी वर्षं, चागोसजवळ सुमारे ४.९ कोटी. पुढे आमचं मॉरिशस, इथले वरचे सर्वांत जुने खडक ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे. आणि शेजारच्या रियुनियन बेटावर पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी आजही लाव्हा ओकतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे वय कमी कमी होत जातं.

आमचे पूर्वज ज्या विस्तवाने केलेली जमीन सोडून आले, त्याच विस्तवाने केलेल्या दुसऱ्या जमिनीवर उतरले. त्यांना हे कुणी सांगितलं नाही. मी माझ्या मुलीला सांगितलं.

वर्धाकाठ

मोका_पहाड, तुमच्या मराठीत काहीही चूक नाही. दोनदा वाचलं. उसाच्या शेतातल्या त्या ढिगांचा फोटो जमला तर टाका.

प्रश्नचिन्ह

फार आवडलं हे. पण रियुनियन २१ अंश दक्षिणेला आहे, आणि ताईंच्या गणितात दख्खन ३० दक्षिणेला येतो. नऊ अंशांचा फरक कसा?

कातळसुई

तुम्ही खरंच नीट वाचता आहात. तो झोत खिळ्यासारखा पक्का नसतो, तोही कोट्यवधी वर्षांत सरकतो. हवाईजवळच्या बुडालेल्या ज्वालामुखींच्या रांगेवरून हे २००३ मध्ये चांगलं सिद्ध झालं. शिवाय आमच्या मोजमापात दोन-चार अंशांची चूक नेहमी धरावी लागते. साठ-सत्तरच्या दशकात झोत पूर्ण स्थिर मानत, ते आता मानत नाहीत.

मोजपट्टी

मी ब्रिस्बेनला भूमापनात आहे. इथे खंड सरकणं हा रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून थोडं लिहितो.

ऑस्ट्रेलिया दरवर्षी सुमारे ७ सेंटिमीटर उत्तर-ईशान्येला जातो. आमचे नकाशे १९९४ च्या स्थितीला बांधलेले होते. जमीन पुढे गेली, आकडे जागेवर राहिले. २०२० पर्यंत फरक १.८ मीटर झाला, आणि अख्ख्या देशाचे अक्षांश-रेखांश नव्याने ठरवावे लागले. शेतात आपोआप चालणारा ट्रॅक्टर असेल तर १.८ मीटर म्हणजे शेजारची सरी.

हे पहिल्यांदा पक्कं मोजलं गेलं १९८० च्या दशकात. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसार नावाच्या तेजस्वी पिंडांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी दोन खंडांवरच्या दुर्बिणींना किती फरकाने मिळतात यावरून मधलं अंतर काढायचं. युरोप आणि अमेरिका वर्षाला दोनेक सेंटिमीटरने लांब जाताना दिसले. वेगेनरला हवं होतं ते मोजमाप हेच.

भारतात बेंगळुरू, हैदराबादची जीपीएस केंद्रं वर्षानुवर्षं चालू आहेत. भारत ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर जातो. त्यातले दोनेक सेंटिमीटर हिमालयातच दाबले जातात. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूचं खोरं काही सेकंदांत दीड-दोन मीटर दक्षिणेला सरकलं. तो साठलेला दाब.

वर्धाकाठ

मी आकडा लक्षात ठेवा म्हणालो होतो तो यासाठी. दगडातल्या चुंबकाने सरासरी आठ सांगितले. उपग्रह आज पाच सांगतात. हिंदी महासागराच्या तळावरचे पट्टे सांगतात की दख्खन पेटला त्या सुमाराला भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्याही वर धावत होता, आणि पाचेक कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडल्यावर मंदावला. आधी जोरात, नंतर हळू, सरासरी आठ. दगड, समुद्रतळ आणि उपग्रह, तिघांनी एकमेकांना न विचारता दिलेले जबाब. प्रश्नचिन्ह, योगायोग म्हणायला मला तरी इथे जागा दिसत नाही.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. माझ्या जन्मापासून वणी तीन-साडेतीन मीटर सरकली. आमच्या जुन्या घराची ओसरी तेवढीच होती.

प्रश्नचिन्ह

मान्य, सर. माझं ते वाक्य मी मागे घेतो. शेवटचं विचारतो: जोर कुठून येतो? वेगेनर जिथे अडला तेच.

वर्धाकाठ

प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, घन आहे, पण फार हळू वाहतं. हिमनदीचा बर्फही घनच असतो, काठी मारली तर फुटतो, तरी वाहतो आणि इरईचा कातळ खरवडून जातो. स्कँडिनेव्हियावरचा बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तिथली जमीन अजून वर्षाला सेंटिमीटरभर वर उचलली जाते, कारण खालचा खडक सावकाश परत भरतो आहे. आर्थर होम्स यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटीच सुचवलं होतं की आतल्या उष्णतेने प्रावरणात प्रवाह चालतात. आज सगळ्यात मोठा जोर मानतात तो बुडत्या तळाचा. समुद्रतळ थंड होत होत जड होतो, खंदकाशी खाली झुकतो, आणि मागचा सगळा पट्ट, म्हणजे ज्यावर खंड आणि समुद्रतळ आहेत तो कवचाचा मोठा तुकडा, ओढत नेतो. विहिरीच्या काठावरून घसरलेला दोर आपल्याच वजनाने उरलेली वेटोळी ओढत नेतो ना, तसं.

औसा_रोड

मी लातूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला सात वर्षांचा होतो. आमच्या घरचे वाचले, मामांकडचे नाही. हिमालय एवढ्या लांब, मग किल्लारीला का?

वर्धाकाठ

तुमच्या मामांकडच्यांबद्दल वाचून काय लिहावं सुचत नाही. मी तेव्हा शाळेतून मदत गोळा करून पाठवली होती, गावं पाहिली नव्हती.

विचारलंत म्हणून सांगतो. भारताचा पट्ट उत्तरेला आशियावर दाबला जातो आहे, त्या दाबाचा ताण पार दक्षिणेपर्यंत पोचतो. आतल्या जुन्या, कमकुवत भेगांवर तो शेकडो-हजारो वर्षं साठतो. किल्लारीला जमीन ताणून फाटली नाही. एक बाजू दुसरीवर चढली, म्हणजे दाबली गेली. दख्खन घट्ट आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत होती. त्या पहाटे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जड घरांखाली.

औसा_रोड

धन्यवाद सर. इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

देवघर

मी फक्त वाचत होते. आमच्याकडे सासूबाईंच्या सासूबाईंपासून आलेला शाळिग्राम आहे, गंडकीचा. माझा नातू म्हणतो तो समुद्रातला प्राणी आहे. रोज त्याला तुळस वाहते मी. नातवाचं खरं आहे का? मला वाईट वाटणार नाही.

कातळसुई

आजी, नातू बरोबर सांगतो. तो अमोनाइट. शंखासारख्या गोल घरात राहणारा, माकुळाच्या नात्यातला जीव. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता, त्यात राहायचा. साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी मेला आणि तळाच्या काळ्या चिखलात पुरला गेला. भारत येऊन भिडला, समुद्र मिटला, तो चिखल हिमालयाबरोबर वर उचलला गेला. मुक्तिनाथच्या वरच्या डोंगरातून काली गंडकी त्याला घेऊन खाली येते. एव्हरेस्टच्या माथ्याचा दगडसुद्धा समुद्रात साचलेला चुनखडक आहे. तुमच्या शाळिग्रामाला भोक असेल तर आत उजेड पाडून बघा. बारीक कमानींसारखे पडदे दिसले तर ते त्याच्या घराचे कप्पे.

देवघर

आज सकाळी अभिषेक झाल्यावर नातवाने मोबाइलचा दिवा धरला. आत सात कप्पे मोजता आले, आठवा अर्धा तुटलेला आहे. चक्राच्या कडेला बोट फिरवलं तर बारीक वळ्या लागतात, इतकी वर्षं गंध लावताना त्या हाताला लागत होत्याच. पुसून, तुळस ठेवून परत जागेवर ठेवला. नातू आता विचारतोय की तो जिवंत असताना समुद्र किती खोल होता. ताई, सवड मिळेल तेव्हा सांगा.